बरे असाल तर एक दाबा

उमैमाने लॅपटॉपवरचं हिरवं बटण दाबलं, तेव्हा खालच्या दुकानात तिचे अब्बा निजामभाई फवारणीच्या पंपाला वायसर बसवत होते आणि बाहेर अमडापूरचा आठवडी बाजार भरायला लागला होता. बटण दाबून तिने ओढणी सारखी केली, जिना उतरून खाली आली आणि म्हणाली, "अब्बा, माझं काम चालू झालं. चहा सांगा."

"चालू झालं म्हंजे? तू तं खाली आली."

"मी नाही करत ना काम. मी फक्त सांगते. काम तिकडे दूर, कुठल्या तरी कंप्युटरवर होतं. मी चहा प्यायले तरी चालतं, झोपले तरी चालतं."

निजामभाईंनी पंप मांडीवरून खाली ठेवला. "असली नोकरी मी जिंदगीभर शोधली बेटा. अन् भेटली कोनाले, तं तुले!"

उमैमा इंजिनिअर होऊन पुण्याच्या एका कंपनीत लागली होती. मागच्या साली तिची अम्मी, नूरजहां, याच जिन्यावरून घसरून पडली आणि पाय मोडला. उमैमा महिनाभरासाठी म्हणून आली. कंपनी म्हणाली, तिथूनच काम कर. अम्मीचा पाय केव्हाच बरा झाला होता, पण पोरीसमोर ती अजून अधूनमधून लंगडत असे आणि पोरगीही ते न कळल्यासारखं करत असे. कुणालाच काही बदलायची घाई नव्हती.

तिचं काम काय, हे निजामभाईंनी आपल्या परीने समजून घेतलं होतं. पंप दुरुस्त झाला की गिऱ्हाइकाच्या हाती देण्याआधी ते त्यात पाणी भरून दुकानासमोर उडवून पाहत. उमैमाची कंपनी जे काही बनवायची, त्यात ती असंच पाणी भरून पाहायची. फरक एवढाच, की पाणी उडवणारा दुसऱ्या मुलखात बसलेला होता, आणि तो माणूस नसून मशीन होतं. ते दमत नसे, कंटाळत नसे आणि सांगितलेलं विसरत नसे. हा त्याचा गुण आहे, असं उमैमाला त्या दिवशी दुपारपर्यंत वाटत होतं.

ते साल गुलाबी बोंडअळीचं होतं. बीटी कापसाला अळी लागत नाही, असं सगळ्यांनी ऐकलं होतं. फक्त अळीने ऐकलं नव्हतं. दिवाळी झाली तरी कापसाची पऱ्हाटी हिरवीगार उभी, आणि बोंड फोडावं तर आत गुलाबी पाहुणी निवांत बसलेली. माणसं दुकानात पंप घेऊन येत, "कसं हाय?" विचारलं तर "मस्त हाय" म्हणत, आणि दुसरीकडे पाहत.

अशा भागातल्या शेतकऱ्यांना फोन करून त्यांची विचारपूस करावी, असं एका संस्थेच्या मनात आलं. इतक्यांना विचारायला माणसं कुठून आणायची? म्हणून मशीनने विचारायचं ठरलं आणि ते मशीन बनवायचं काम उमैमाच्या कंपनीकडे आलं. तिचा वरचा साहेब आल्हाद फोनवर म्हणाला, "उमैमा, पुण्यातल्या फोनवर सगळं नीट चालतंय. पण खेड्यातले खरे फोन पाहिजेत. रेंज येते-जाते, मागे म्हशी ओरडतायत, असले. तुझ्या गावात मिळतील?"

"म्हशींसकट मिळतील," उमैमा म्हणाली.

निजामभाईंनी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांना विचारलं, "माह्या पोरीच्या कामाचा येक फोन येईन. उचलान ना?" सगळे म्हणाले, "हाव, त्यात काय?" निजामभाईंच्या पोरीचं काम म्हटल्यावर नाही म्हणणारा गावात कोण होता! आवाज मात्र ज्या बाईचा घ्यायचा होता तिचा घसा बसला, म्हणून तात्पुरता उमैमाने स्वतःचाच दिला होता.

चहा आला आणि त्याच्याबरोबरच निजामभाईंच्या जुन्या, बटणांच्या फोनची घंटा वाजली. त्यांनी कानाला लावला. आतून त्यांचीच लेक बोलत होती.

"नमस्कार. आपण बरे आहात का? बरे असाल तर एक दाबा. बरे नसाल तर दोन दाबा."

"अल्लाची मेहरबानी बेटा," निजामभाई समोर बसलेल्या उमैमाकडे पाहत फोनमध्ये म्हणाले आणि त्यांनी एक दाबला. मग फोन ठेवून खूश होऊन म्हणाले, "घरात कधी मले आपण म्हनत नाई. फोनवर काय अदब हाय पोरीले!"

एवढ्यात दुकानातला पंखा थांबला. लाईट गेली. उमैमाच्या मोबाईलचा टॉवर आणि गावची लाईट यांचं असं घट्ट नातं होतं, की एक गेली की दुसरा मागोमाग जायचाच. मोबाईल गेला की लॅपटॉपचं इंटरनेटही गेलं. अब्बांचा आणि बाकी गावाचे फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर होते, ते चालूच राहत. उमैमा काही घाबरली नाही. "म्हणून तर काम तिकडे ठेवायचं, अब्बा," ती ऐटीत म्हणाली. "इथं अंधार झाला तरी तिथं चालूच राहतं."

ते अगदी खरं होतं. निजामभाईंचा फोन पुन्हा वाजला.

"नमस्कार. आपण बरे आहात का?"

"आताच तं सांगलं," म्हणत निजामभाईंनी पुन्हा एक दाबला. फोन ठेवला. फोन वाजला. तिसऱ्या वेळी त्यांनी कपाळाला आठ्या घालून लेकीकडे पाहिलं. "मी बरा दिसत नाई का तुले?"

उमैमाच्या हातातला कप तसाच राहिला. सकाळी तिने पुण्यातल्या फोनवर शेवटची चाचणी केली होती ती 'दोन दाबल्यावर काय होतं' याची. मशीनला सांगून ठेवलं होतं: उत्तर दोनच यायला हवं, दुसरं काही आलं तर चूक समज आणि पुन्हा फोन लाव. मग त्याच जागी तिने गावातले नंबर घातले होते. आणि ते सांगणं पुसायचं राहून गेलं होतं.

म्हणजे गावात जो जो 'मी बरा आहे' म्हणत होता, त्याचं मशीन ऐकून घेत होतं, चूक म्हणून बाजूला ठेवत होतं, आणि पुन्हा विचारत होतं.

तेवढ्यात दुकानाच्या पायरीवर कचरू उभा राहिला. त्याच्या पंपाचं नोझल कालच बदललं होतं, त्यामुळे तो पंपासाठी आलेला नाही हे उघड होतं.

"निजामभाई, हे काय चालू हाय बे? मी बरा हाय, बरा हाय म्हनून राह्यलो, अन् पोरीले पटतच नाई!"

"मंग तिले सांग ना नीट."

"नीट सांगतो, पन माह्या बायकोले काय सांगू? ते म्हनते, हे कोन हाय जे तुमची येवढी काळजी करते? मी म्हनलं, मशीन हाय. तं म्हनते, मशीन कधीपासून येवढं गोड बोलाले लागलं!" कचरूच्या खिशातला फोन वाजला. त्याने तो असा काढला, जसा माणूस सदऱ्यात शिरलेला मुंगळा काढतो. "पाहा! आलीच!"

"कचरूकाका, माफ करा. मी बंद करते," उमैमा म्हणाली आणि वर पळाली. वर लॅपटॉप होता, पण इंटरनेट नव्हतं. तिने आपल्या मोबाईलमधून आल्हादचा नंबर पाहिला, खाली येऊन अब्बांचा फोन घेतला आणि आकडे दाबायला लागली. अर्ध्यात येते तोच फोन वाजला. तिने घाईत कापला. पुन्हा आकडे दाबले. पुन्हा वाजला. तिचाच आवाज तिलाच शांतपणे विचारत होता, आपण बरे आहात का?

"नाही!" उमैमा ओरडली आणि तिने दोन दाबला.

"कळवल्याबद्दल आभार," आवाज म्हणाला. "आम्ही लवकरच आपल्याशी बोलू."

फोन गप्प झाला आणि गप्पच राहिला. निजामभाईंनी मान पुढे काढून विचारलं, "काय दाबलं तू?"

"दोन."

"म्हंजे आता पुन्याले समद्यायले कळन का निजामभाई बरा नाई म्हनून? माही दवा करनाऱ्या हकीमसायबाले काय वाटन?"

पण उमैमाला आता मोकळा फोन मिळाला होता. आल्हादने उचलला आणि तिला बोलूच दिलं नाही. "उमैमा! कुठे आहेस? मी बघतोय, तुझं सगळं फेल होतंय. एकसारखं लाल. म्हणून मी पण इकडून परत परत चालू करतोय!"

"तुम्ही पण करताय?" उमैमाने कपाळावर हात मारला. "सर, बंद करा! अख्खा बाजार हैराण झालाय!"

तिने सगळं सांगितलं. पलीकडे थोडा वेळ फक्त बोटांची टकटक ऐकू आली. मग आल्हाद पडेल आवाजात म्हणाला, "माझे मी बंद केले. तुझे बंद होत नाहीयेत. ज्याने चालू केलं त्यानेच बंद करायचं, असा नियम आहे."

"असला नियम कुणी केला?"

"मीच करून घेतला होता. लोक येताजाता माझं काम बंद करायचे, म्हणून."

उमैमाने आपला पासवर्ड सांगायची तयारी दाखवली. पण पासवर्ड टाकल्यावर खात्रीचा आकडा येणार होता तिच्याच मोबाईलवर, आणि तो मोबाईल लाईट येईपर्यंत खिशातला आरसा होता. "तोपर्यंत काय करू, सर?"

"एकच उपाय. सगळ्यांना सांग, दोन दाबा. ज्याने दोन दाबला त्याला परत फोन येणार नाही."

उपाय सोपा होता. उमैमा चपला घालून बाजारात निघाली. मागून निजामभाई दुकान तसंच टाकून निघाले, आणि त्यांच्या मागून नूरजहां निघाली, लंगडायचं विसरून.

बाजारात लसणाच्या ढिगापासून चपलांच्या दुकानापर्यंत ठिकठिकाणी एकच घंटा वाजत होती. कोणी कांदे तोलता तोलता एक दाबत होतं, कोणी बैलाचा कासरा दातात धरून. "बरा हाय बे!" "हाव माय, बरी हाय!" असे आवाज चहूकडून येत होते. परक्या माणसाला वाटलं असतं, काय सुखी गाव आहे!

"ऐका हो," उमैमा ओरडली. "माझी चूक झाली. सगळ्यांनी दोन दाबा, म्हणजे फोन बंद होईल."

लोकांनी तिच्याकडे पाहिलं. पुढच्या घंटा वाजल्या. आणि सगळ्यांनी पुन्हा एकच दाबला.

"काका, दोन! दोन दाबा ना."

"आवं बाई, पन दोन म्हंजे बरा नाई," एकजण समजावणीच्या सुरात म्हणाला. "चांगल्या वक्ताले असं तोंडानं काढू नाई."

"तोंडाने कुठे? बोटाने दाबायचंय."

"बोटानं बी नाई."

कचरूचं म्हणणं वेगळं होतं. त्याने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. "याच्यासमोर कसा दाबू? हा मस्त हाय म्हनते. मंग मी येकटाच बरा नाई का?" शेजारी म्हणाला, "अन् मी तं तू मस्त म्हनला म्हनून मस्त म्हनलो!" दोघंही एकमेकांकडे जरा विचार करत पाहायला लागले.

मिरच्यांच्या पाट्यांमागे झुंबरबाई बसली होती. तिची धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, कडेची थोडी शेती आणि एकटीचं घर. उमैमाच्या अम्मीचा पाय मोडला तेव्हा हीच बाई रोज भाकरी टाकून द्यायला यायची आणि "माह्या घरी करू करू मी कोनासाठी करू?" म्हणून आभार झटकून टाकायची. तिने फोन कानाला असा दाबून धरला होता, की दुसऱ्या हातातली मिरची तोलायची राहिली होती.

"आता काय सांगू बाई तुले," ती फोनमध्ये म्हणत होती. "गुडघा ठनकते. कापूस तं काही नाई. पोरगा सुरतेले गेला, त्याचा फोन येते कधी, येत नाई कधी. पन तू इचारलं, बरं वाटलं माय. आता तूच सांग, येक दाबू का दोन?"

"झुंबरमावशी, मी इथं आहे," उमैमा तिच्यासमोर उकिडवी बसली. "ते मशीन आहे. ते ऐकत नाही."

झुंबरबाईने तिच्याकडे पाहिलं, मग फोनकडे पाहिलं. "आयकत नाई? मंग परत परत काऊन इचारते?"

उमैमाने हळूच म्हटलं, "दोन दाबा मावशी. म्हणजे बंद होईल."

"बंद कायले करू?" झुंबरबाई म्हणाली. "दिसभर कोनी इचारत नाई. हे बिचारी घडीघडी इचारते. राहू दे तिले."

बाजाराच्या टोकाला चहाच्या टपरीवर पुंजाजी बसले होते. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, ताठ पाठ. अमडापूरच्या शिवारात कापूस पाहावा तर पुंजाजींचा, अशी ख्याती, आणि यंदाही रस्त्यावरून त्यांची पऱ्हाटी कमरेच्या वर हिरवी दिसत होती. "कसं हाय पुंजाजी?" विचारणाऱ्याला ते एका शब्दात उत्तर देत: "मस्त." त्यांच्याकडे पाहून बाकीच्यांनीही आपली पऱ्हाटी उभी ठेवली होती. पुंजाजींची उभी आहे म्हणजे अजून काहीतरी येणार असेल, असं सगळे धरून चालले होते.

पुंजाजींचा फोन वाजत होता आणि ते प्रत्येक वेळी अंगठ्याने जोरात एक दाबत होते. बटण आत जाईल इतक्या जोरात. टपरीवाला, कचरू, त्याचा शेजारी, सगळे पाहत होते.

"काका," उमैमा म्हणाली, "सगळ्यांचा घोळ माझ्यामुळे झाला. तेवढा दोन दाबा. बाकीचे तुमच्याकडे पाहून दाबतील."

"मी बरा हाय."

"माहीत आहे काका. पण मशीनला कळत नाही ना. माझ्यासाठी म्हणून, खोटं खोटं दाबा."

फोन पुन्हा वाजला. पुंजाजींनी तो कानाला लावला. उमैमाचा आवाज आतूनही येत होता आणि समोर ती स्वतःही उभी होती, घाम पुसत, रडवेली होऊन. पुंजाजींचा अंगठा एकावर गेला आणि तिथेच थांबला. टपरीवरचा स्टोव्ह तेवढा घरघरत होता.

"खोटं कायले दाबू, पोरी," ते म्हणाले. आणि त्यांनी दोन दाबला.

"कळवल्याबद्दल आभार. आम्ही लवकरच आपल्याशी बोलू."

पुंजाजींनी फोन खिशात ठेवला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. त्यांना टोपीशिवाय फार कमी जणांनी पाहिलं होतं. "रस्त्यावून हिरवं दिसते," ते कुणाकडेच न पाहता म्हणाले. "आत काही नाई. बोंडं फुटतच नाई. फुटलं तं कवडी, किडका कापूस. मी पाहाटे वेचाले जातो, लोकायनं पाहू नाई म्हनून. धुऱ्याच्या आत कोनाले येऊ देत नाई. घरी बायकोले बी मस्तच सांगतो." त्यांनी घसा साफ केला. "लई दिवस झाले मस्त सांगून सांगून. थकलो गड्या."

मग कचरूने खिशातून फोन काढला. तो वाजत नव्हता. कचरू वाट पाहत उभा राहिला, आणि वाजला तेव्हा त्याने सगळ्यांना दिसेल असा हात वर करून दोन दाबला. "माहं बी तसंच हाय, पुंजाजी. तुमची उभी दिसते म्हनून मी बी ठेवली."

"मी कचरूची पाहून ठेवली!" शेजारी म्हणाला आणि त्यानेही दाबला.

मग बाजारात दोन दाबायची रीघ लागली. ज्याचा फोन वाजत नव्हता तो वाजत्या फोनवाल्याला विचारू लागला, "भौ, माहा कधी येईन?" एकेक घंटा विझत गेली आणि तिच्या जागी माणसं बोलायला लागली. कोणाची अळी, कोणाची फवारणी, कोणाची उडालेली झोप. जो तो दुसऱ्याला सांगत होता, "मले वाटलं माह्याच वावरात हाय!" आणि हे सांगताना चक्क हसत होता. नूरजहां झुंबरबाईच्या शेजारी पोत्यावर बसली होती आणि दोघी मिळून गुडघ्यांची तुलना करत होत्या. झुंबरबाईने शेवटी दोन दाबला, पण उमैमाकडून वचन घेऊन: रोज येऊन विचारायचं.

टपरीवरच ठरलं. पऱ्हाटी ठेवून अळीलाच पोसायचं, त्यापेक्षा सगळ्यांनी एकदम काढायची आणि हरभरा पेरायचा. एकट्याने काढून उपयोग नव्हता. शेजारच्या वावरातून अळी परत येणार. पऱ्हाटी कुटणारं यंत्र दुसरबीडला कचरूच्या साडूकडे होतं. ते सगळ्यांनी मिळून बोलवायचं आणि सुरुवात कोणाच्या वावरातून करायची, यावर वाद व्हायच्या आधीच पुंजाजी म्हणाले, "माह्या."

लाईट आली तेव्हा उमैमा जिना दोन दोन पायऱ्यांनी चढली. लॅपटॉप उघडला. आता बंद करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. सगळे लाल दिवे हिरवे झाले होते आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: चाचणी यशस्वी. अख्ख्या गावात कोणीच बरं नाही, याची खात्री पटल्यावर मशीनचं समाधान झालं होतं.

उमैमाचं मात्र झालं नव्हतं. परवानगी एका फोनची, आणि तिने दिवसभर गावाला भंडावलं होतं. रात्री आल्हादचा निरोप आला होता: सकाळी फोन करतो, महत्त्वाचं बोलायचं आहे. एवढंच.

सकाळी ती दुकानातल्या बाकावर मोबाईल समोर ठेवून बसली होती. पुंजाजी आले. त्यांच्या शिवारात यंत्र चालू झालं होतं. धोतराला पऱ्हाटीचा भुसा लागला होता आणि टोपी जरा तिरपी होती. हातातल्या पिशवीत गावरान तुरीच्या शेंगा होत्या. त्या त्यांनी नूरजहांकडे दिल्या. "पोरीसाठी हाय," म्हणाले. "काल बायकोले खरं सांगलं. ते म्हने, मले दिवाळीच्या आधीपासून मालूम हाय, म्या म्हनलं तुमीच सांगान कधी तं." ते स्वतःशीच हसले. मग उमैमाजवळ बसले.

"तू कशी हायस, पोरी?"

"बरी आहे काका."

हिरवं बोंड फोडायच्या आधी शेतकरी जसं पाहतो, तसं पुंजाजींनी तिच्याकडे पाहिलं. उमैमाने मान खाली घातली. "नाही काका. नोकरी जाईन असं वाटून राह्यलं."

"कोन काढते?"

"साहेबांचा फोन येणार आहे."

"मंग येऊ दे ना."

फोन आला. उमैमाचा हात पुढे गेला आणि थबकला. पुंजाजींनी सरळ तो उचलला.

"हॅलो. मी पुंजाजी बोलून राह्यलो, अमडापूरून. सायेब, पोरीची गलती नाई. गलती असन तं आमची हाय. आमी पयल्याच वक्ताले खरं दाबलं असतं, तं काहीच झालं नसतं. तिच्यामुळं आमचं बरं झालं. तिले काही बोलू नोका."

पलीकडून आल्हाद बराच वेळ काहीतरी सांगत होता. पुंजाजी "हाव... हाव..." करत राहिले. मग फोनवर हात ठेवून म्हणाले, "तो म्हनते, नोकरीले काही झालं नाई. वरच्या सायबाले त्यानं स्वतःच सांगलं, नेम माहा होता, चूक माही बी हाय. अन् ते संस्थेवाले म्हनते, ज्यानं दोन दाबला त्याच्यासंग मशीननं नाई, मानसानं बोललं पायजे. त्याईले अठीचे बोलनारे मानसं पायजे, तूच निवडायचे."

निजामभाईंनी दोन्ही हात वर करून अल्लाचे आभार मानले आणि एका हातातला पाना खाली पडला. उमैमाचे डोळे भरून आले. ती पुंजाजींना काही म्हणणार, पण त्यांनी बोटाने थांबवलं. त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"अन् सायेब, तुमी कसे हाय?"

"मस्त, मस्त," आल्हादचा आवाज बाहेरपर्यंत आला.

"मस्त तं मी बी म्हनत होतो," पुंजाजी म्हणाले आणि गप्प बसले.

पलीकडे काहीतरी हळू सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं, आणि मग थांबेनाच. पुंजाजींनी बाकावर पाय वर घेतले, पाठ भिंतीला टेकवली. "हाव... हाव... मंग?... जेवत बी नाई का वेळेवर?... आईले सांगलं का हे?..." उमैमा आपला मोबाईल परत मिळायची वाट पाहत उभी होती. गिऱ्हाईक येऊन पंप ठेवून गेलं. यंत्र आपल्या वावरात कधी येणार ते विचारायला कचरू येऊन डोकावून गेला. पुंजाजींनी मोबाईल एका कानावरून दुसऱ्या कानावर नेला, त्यावर हात ठेवला आणि आत पाहत हळूच म्हणाले, "नूरजहांबाई, चहा टाका वो. या पोराचं लई साचलं हाय."